आपली गोष्ट, आपलाच आवाज

दसरा झाला की बीड-जालन्याकडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फेडायची म्हणून पाच-सहा महिने कोपीत राहायचं. तिकडे आपण 'बाहेरचे'. परत यावं तर ग्रामसभा, गटाची बैठक सगळं आपल्याविना झालेलं. मग आपलं गाव कोणतं?

कॉलेजची मुलं-मुली अभ्यासासाठी आली की बहुतेक वेळा फॉर्म भरून घेतात. पण काही जणी म्हणतात, "ताई, तुमची गोष्ट तुम्हीच मोबाईलवर सांगा." याला डिजिटल कथाकथन म्हणतात. अमेरिकेत १९९०च्या दशकात ही पद्धत सुरू झाली. आज अनेक देशांत स्थलांतरित माणसं अशा गोष्टी सांगतात.

ती कशी करायची?
१. गोलात बसून प्रत्येकीने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.
२. एकच प्रसंग निवडायचा. जसं, लेकराला आजीजवळ सोडून निघालो ती सकाळ.
३. आपल्याच बोलीत दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करायचं.
४. फोटो जोडायचे. जुने नसतील तर कोयता, चूल, मुलाची वही यांचे काढा.

याचा उपयोग काय?
२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांची चौकशी करायला शासनाने समिती नेमली. चौकशीतून आकडे कळतात. पण खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून बाई दुखणं अंगावर कसं काढते, हे तीच सांगू शकते. अशी गोष्ट ग्रामसभेत दाखवली, तर हंगामी वसतिगृहाची मागणीही जोरात मांडता येते.

'हो' म्हणण्याआधी विचारा
• गोष्ट कोण कोण बघणार?
• नाव, चेहरा दिसणार का? (दोन्ही न दाखवताही गोष्ट होते.)
• आधी आम्हाला दाखवणार का? नको ते काढणार का?
• एक प्रत आमच्याकडे राहील ना?

मुकादमाचं नाव घेण्याआधी पुढच्या हंगामाचा विचार करा. कागद वाचून दाखवल्याशिवाय सही-अंगठा देऊ नका. 'नाही' म्हणायचा हक्क तुमचा आहे. त्यावरून गटाचं कर्ज किंवा योजनेचा लाभ अडता कामा नये.

बैठकीत बोला: आपल्या गटातल्या किती जणी हंगामाला बाहेर जातात? त्या नसताना त्यांची बचत आणि त्यांचं मत, दोन्हीचं आपण काय करतो?