तुमची उधारी आणि मंडळातलं हवामान केंद्र

मागच्या व्हिडिओखाली आर्वी, कारंजा भागातल्या कृषी केंद्रवाल्यांनी एकच प्रश्न विचारला: "पावसाची माहिती विकत घ्यावी का?" त्याआधी ती येते कुठून, ते समजून घेऊ.

1. अंदाज, म्हणजे उद्या काय होईल
हा भारतीय हवामान विभाग देतो. विदर्भासाठी प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे. जिल्ह्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. 'मेघदूत' ॲपवर तो मराठीत मिळतो, तोही फुकट.

2. नोंद, म्हणजे काल किती पडला
इथे सरकार आणि खासगी कंपनी एकत्र येतात. 2017 मध्ये राज्याने स्कायमेटसोबत 'महावेध' सुरू केला. पहिलं केंद्र नागपूर जिल्ह्यात डोंगरगावला बसलं. पुढे राज्यभर महसूल मंडळांत मिळून दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं झाली. जागा सरकारची, यंत्र, खर्च आणि देखभाल कंपनीची. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा, सगळं त्यात नोंदलं जातं.

मग तुमचा गल्ला कुठे आला?
मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. संत्र्याचा हवामान आधारित फळपीक विमाही केंद्राच्या आकड्यांवर चालतो. तुम्ही खतं-औषधं उधारीवर दिलीत, शेतकऱ्याचं पीक गेलं, पण केंद्रावर पाऊस कमी नोंदला गेला, तर त्याची भरपाई अडकते. आणि तुमची उधारीसुद्धा! एका मंडळात बरीच गावं असतात. ढग एका शिवारात फुटतो, दुसरं कोरडं राहतं.

आता करायचं काय?
- उधारीच्या वहीत गिऱ्हाईकाच्या नावापुढे त्याचं मंडळ लिहा.
- दुकानावर साधं पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी साडेआठला आकडा लिहा. सरकारी कामात तो पुरावा धरतीलच असं नाही, पण केंद्राच्या आकड्यात मोठा फरक दिसला तर तालुका कृषी कार्यालयात लगेच लेखी कळवता येतं.
- हिंगणघाटला जिनिंगच्या आवारात कापूस उघड्यावर असेल, तर ताडपत्री अंदाज पाहून काढा. नोंद येईपर्यंत माल भिजलेला असतो.

पैसे देऊन सेवा घ्यायचीच असेल, तर विक्रेत्याला एकच विचारा: "फुकटच्या अंदाजापेक्षा माझ्या गावासाठी यात जास्त काय आहे?" उत्तर गोलमोल आलं, तर खिशात हात घालू नका.

आजचा गृहपाठ: तुमच्या दहा मोठ्या उधारीवाल्यांची मंडळं शोधा. सगळे एकाच मंडळातले निघाले, तर तुमची जोखीमही एकाच ठिकाणी साचली आहे.