बॅटरीचा घसारा

लॅपटॉप दिवसभर चार्जिंगला लावून काम करत असाल, तर दोन गोष्टी आजच बघून घ्या. चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय तुमच्या मशीनमध्ये आहे का, आणि बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं, एखादं अपडेट घ्यायचं राहिलंय का. मी काही कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. अकोल्यात घरून हिशेबाचं काम करते: टॅली, जीएसटी, आयकराची रिटर्नं. माझा लॅपटॉप टेबलावरून हलत नाही. बॅटरीवर तो क्वचितच चालतो, म्हणजे बॅटरी वर्षानुवर्षं टिकायला हवी, असं कुणालाही वाटेल. झालं नेमकं उलटं.

उन्हाळ्याचे दिवस, जीएसटीआर-3बीची 20 तारीख तोंडावर, आणि टचपॅडचं क्लिक बसेना. दोन-चार दिवसांनी झाकण मिटल्यावर कडेला फट दिसू लागली आणि टेबलावर ठेवला की लॅपटॉप डुगडुगायला लागला. दुरुस्तीच्या दुकानात मागचं कव्हर काढलं, तर बॅटरीतले दोन चपटे सेल विस्तवावरच्या भाकरीला पापुद्रा सुटावा तसे टम्म फुगलेले. त्यांनीच टचपॅड खालून वर उचलून धरला होता. काउंटरपाशी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "टाचणीनं हवा काढून टाका की, बसेल खाली." दुकानदारानं कव्हर स्वतःकडे ओढून घेतलं. "काका, त्या टाचणीनं दुकान पेटेल."

ते खरंच आहे. आतला वायू ज्वालाग्राही असतो आणि सेलला भोक पडलं की आतल्या आत शॉर्टसर्किट होतं. म्हणून बॅटरी फुगल्याची शंका आली, तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, वरून दाबू नका आणि 'एवढं एक रिटर्न भरून घेते' म्हणून परत सुरू करू नका. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला लावायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राला ती द्या.

लॅपटॉप घेतला तेव्हा विक्रेत्यानं सांगितलं होतं, "बिनधास्त लावून ठेवा, ओव्हरचार्ज होत नाही." तो खोटं बोलला नव्हता. बॅटरी भरली की चार्जिंग थांबतं आणि लॅपटॉप थेट अ‍ॅडॅप्टरवर चालतो. पण बॅटरी काठोकाठ भरलेल्या अवस्थेतच बसून राहते. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की त्याचा दाब साधारण 4.2 व्होल्ट असतो, काही नव्या सेलमध्ये त्याहून थोडा जास्त. या दाबाला आतलं रसायन हळूहळू विघटित होतं, कामाचं लिथियम त्यात खर्ची पडतं आणि थोडाथोडा वायू तयार होतो. बॅटरी वापरा, नाहीतर नुसती ठेवा, ही झीज चालूच राहते. 80 टक्क्यांना हाच दाब चार व्होल्टच्या आसपास असतो. फरक ऐकायला किरकोळ, पण झिजेचा वेग त्यानं बराच उतरतो.

त्यात उष्णतेची भर. अकोल्यात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जाणं नवलाचं नाही. अ‍ॅपल आपल्या ग्राहकांना सांगते, की 35 अंशांच्या वरच्या हवेत बॅटरीची क्षमता कायमची कमी होऊ शकते. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर बंद झाला की खोलीच 35च्या वर जाते आणि चालू लॅपटॉपचं पोट खोलीहून गरम असतं. भरलेली बॅटरी आणि तापलेली खोली या जोडीला जपायचं. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवून हवेची भोकं बुजवू नका. भर दुपारी स्कूटरच्या डिक्कीत किंवा उन्हातल्या गाडीत तो ठेवून बँकेत जाऊ नका. महिना-दोन महिने वापरायचा नसेल, तर निम्मी बॅटरी भरून, बंद करून, गार जागी ठेवा.

घरातली वडीलधारी मंडळी अजून सांगतात, 'पूर्ण संपू दे, मगच लाव.' तो सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. 1991 साली सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि आजच्या लॅपटॉपांत तीच असते. तिला रोज शून्यावर नेणं उलट बाधतं.

आता फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या चिपमधला प्रोग्राम. बॅटरीत किती वीज सोडायची हे विंडोज ठरवत नाही. मदरबोर्डवरची एक छोटी चिप ते ठरवते आणि लॅपटॉप बंद असतानाही ती आपलं काम करत असते. तिच्यातला प्रोग्राम बहुतेक वेळा बायोसच्या अपडेटबरोबर बदलतो. म्हणून 'बॅटरी वाचवा' म्हणणारं कुठलंतरी फुकटचं अ‍ॅप फार तर 80 टक्क्यांना घंटी वाजवेल. चार्जिंग थांबवायचं तर खालच्या चिपनं ऐकायला हवं. माझ्या मॉडेलमध्ये ही सोय विकत घेताना नव्हतीच, नंतरच्या बायोस अपडेटनं आली. नवी बॅटरी बसवल्यावर दुकानदारानं अपडेट मारलं, तेव्हा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंग मर्यादेचं बटण उगवलं.

हे बटण प्रत्येक कंपनीनं वेगळ्या नावानं लपवलंय. लेनोवोच्या व्हँटेज अ‍ॅपमध्ये 'कॉन्झर्व्हेशन मोड', आसुसच्या मायआसुसमध्ये 'बॅटरी हेल्थ चार्जिंग', एचपीच्या अनेक ऑफिस मॉडेलांत बायोसमध्येच 'बॅटरी हेल्थ मॅनेजर'. डेलमध्ये 'प्रायमरिली एसी यूज' निवडता येतं, किंवा चार्जिंग कुठे सुरू आणि कुठे बंद व्हावं याचे आकडे स्वतः भरता येतात. मायक्रोसॉफ्टच्या सरफेसमध्ये 50 टक्क्यांची मर्यादा आहे, ती कायम चार्जरवर असणाऱ्या मशीनसाठी. मॅकबुक तुमची सवय ओळखून 80च्या पुढचं चार्जिंग लांबवतं. लिनक्सवाल्यांना 2025 साली आलेल्या ग्नोम 48 मध्ये ही सोय थेट सेटिंग्जमध्ये मिळते, अर्थात मशीननं साथ दिली तर.

बायोस अपडेट मात्र येता-जाता मारायची गोष्ट नाही. ते फक्त कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा संकेतस्थळावरून, आपल्याच मॉडेलचं घ्यावं. चार्जर लावलेला हवा, बॅटरीही बऱ्यापैकी भरलेली हवी. वाटेत लाइट गेली तर तीच तारून नेते. बॅटरी अगदी थकलेली असेल, तर इन्व्हर्टरवरच्या प्लगला लावा. मध्ये स्क्रीन काही मिनिटं काळी होते, पंखा जोरात फिरतो. घाबरून पॉवरचं बटण दाबू नका. आणि सगळ्यात आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप. माझ्या एका क्लायंटकडे अपडेटनंतर निळ्या पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागितली गेली. डिस्क एनक्रिप्ट आहे हेच ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती की सापडेपर्यंत रिटर्न, पगारपत्रक, सगळं ठप्प. ती की आधी शोधून कागदावर उतरवा, बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करा आणि मगच अपडेटला हात घाला. अपडेट झाल्यावर चार्जिंगची मर्यादा जागेवर आहे का तेही बघा. कधीकधी ती पुसली जाते.

बॅटरीची खरी स्थिती कळायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', मग स्पेस, मग 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप करा. एक फाइल तयार होते. तिच्यात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची. पहिली 45,000 आणि दुसरी 27,000 असेल, तर 60 टक्के बॅटरी शिल्लक आहे. अपडेटनंतर दुसरा आकडा अचानक वाढला, तरी हुरळून जाऊ नका. मोजायची रीत सुधारली, बॅटरी नव्हे. झिजलेली क्षमता कुठल्याही अपडेटनं परत येत नाही. कायम 80वर ठेवलेल्या बॅटरीचं मोजमापही भरकटतं, म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा ती 100 पर्यंत भरून खाली उतरू द्यावी.

मर्यादा किती ठेवायची हे ज्याच्या त्याच्या दिनक्रमावर. टेबलावरच काम आणि घरात इन्व्हर्टर असेल, तर 60 टक्के पुष्कळ झाले. लाइट वरचेवर जात असेल, तर 80. गावोगाव ऑडिटला फिरणाऱ्याला निघायच्या दिवशी 100 लागणारच. त्यानं सकाळी मर्यादा काढावी, परतल्यावर पुन्हा लावावी. रोजच बॅटरीवर काम असेल, तर मर्यादेच्या नादी लागू नये. बॅटरी तुमच्या कामासाठी आहे, तुम्ही तिच्यासाठी नाही. मी आता 80वर आहे. लाइट गेली की बॅकअप पूर्वीपेक्षा कमी मिळतो, तेवढ्यात चालू एंट्री सेव्ह करून लॅपटॉप नीट बंद होतो. नव्या बॅटरीचं बिल आठवलं की हा सौदा स्वस्त वाटतो.