उतारावर ब्रेक का दगा देतात?

चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरहून जिवतीला जाताना माणिकगडचा डोंगर चढावा लागतो. चढताना मिळालेली स्थितिज ऊर्जा उतरताना कुठे जाते? समजा, फिरत्या दवाखान्याची ३,००० किलोग्रॅमची गाडी १०० मीटर खाली आली. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा: २९.४ लाख ज्यूल! केवळ ब्रेकवर वेग आवरला, तर यातील बहुतेक ऊर्जेची ब्रेकमध्येच उष्णता होते. एवढ्या उष्णतेने ३० अंशांचे १० लिटर पाणी १०० अंशांपर्यंत तापेल.

पेडलवरचा दाब चाकांपर्यंत पोचवते ते ब्रेक ऑइल. पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहातच. हे ऑइल हवेतील ओल शोषते. नव्या डॉट-३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५° से. असतो, ओलीमुळे तो १४०° च्या आसपास येऊ शकतो. ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, वाफ मात्र सहज दाबली जाते. पेडल थेट तळाला टेकते!

अशा वेळी इंजिन बंद करू नये. एकेक गिअर खाली आणावा, म्हणजे इंजिनच गाडीला अडवते. हँडब्रेक बहुधा तारेने ओढला जातो, म्हणून तो लागतो; पण हळूहळू ओढावा. झटक्याने चाके अडकली की गाडी घसरते.

गाडी झाडावर आदळली, तर मालक पत्रा ठोकून घेतो. तोवर ब्रेक थंड होतात, वाफेचे पुन्हा द्रव होते, पेडल नीट लागते आणि मेकॅनिकला दोष सापडत नाही! म्हणून नळ्या तपासून जुने ऑइल पूर्ण काढावे, नवे भरावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत प्रत्येक चाकापाशी हवा काढावी.