दुबईचा फोन मागवण्याआधी

अगं, दीर दिवाळीला दुबईहून येतोय आणि तू त्याला आयफोन आणायला सांगितलंयस, हे कानावर आलं. खुशाल सांग. फक्त पैसे पाठवण्याआधी माझं जरा ऐकून घे.

तिकडे स्वस्त मिळतो, हे खरं. आपल्याकडे मोबाइलवर १८ टक्के जीएसटी, शिवाय बाहेरून येणाऱ्या फोनवर आयात शुल्क. पण मला काळजी आहे ती सिमची. अमेरिकेत २०२२ च्या आयफोन १४ पासून सिम घालायला खाचच नाही, सगळा कारभार ई-सिमवर. २०२५ च्या आयफोन १७ पासून दुबईतही तेच. जिओ, एअरटेल ई-सिम देतात, तेव्हा फोन चालेल. पण तू रोज बदलापूरहून लोकलने जातेस. दाराशी उभी असताना हातातून निसटला, स्क्रीन गेली, तर आपण काय करतो? सिम काढून घरातल्या जुन्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचे ओटीपी सुरू. ई-सिमचं तसं नाही. ते दुसऱ्या फोनवर घ्यायला कंपनीचे सोपस्कार, आणि सासूबाईंच्या साध्या फोनमध्ये ते चालतच नाही. म्हणून नेमकं मॉडेल कोणतं, त्यात सिमची जागा आहे का, हे दिराला आधी विचार. अमेरिकेतून कोणी आणणार असेल तर फोन तिथल्या कंपनीला लॉक केलेला नाही ना, हेही.

वॉरंटीचं म्हणशील तर ॲपल ती फोन विकला त्या देशापुरती ठेवू शकतं. दुकानदार तोंडाने ‘इंटरनॅशनल’ म्हणतो, त्याला काही अर्थ नाही. उल्हासनगरात स्क्रीन बदलून देणारे पुष्कळ आहेत, पण ते तुझ्या पैशाने.

कस्टम्सचंही बघ. दिराचा स्वतःचा वापरातला फोन वेगळा आणि तुझ्यासाठीचा सीलबंद डबा वेगळा. तो डबा, वहिनींची अत्तरं, पोरांची खेळणी, सगळं शुल्कमाफीच्या एकाच मर्यादेत मोजलं जातं. मर्यादा बदलत असते, म्हणून निघण्याआधी त्याला ताजा आकडा बघायला सांग आणि बिल हातातल्या बॅगेत ठेवायला.

आणि हो, उल्हासनगरच्या कॅम्पात कोणी बिलाशिवाय ‘दुबईचा पीस’ दाखवला तर भुलू नकोस. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण लहानपणापासून ऐकतोय ना! डब्यावर काय छापलंय ते सोड. *#०६# दाब, आयएमईआय नंबर घे, इंग्रजीत केवायएम लिहून पुढे तो नंबर टाक आणि १४४२२ वर एसएमएस कर. फोन काळ्या यादीत असेल तर तिथेच कळतं.

सगळा हिशोब करून आठ-दहा हजारच वाचणार असतील, तर अंबरनाथ-बदलापुरातच पक्क्या बिलावर घे. दिराला खजूर आणू दे.