फरदडीच्या दिवसांत ये

यवतमाळ,
20 डिसेंबर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

सहा महिने कथा सुचत नाही, म्हणून महिनाभर हिमाचलात जाऊन राहते म्हणतेस. खुशाल जा. पण त्याआधी आठ दिवस इकडे ये. तुझ्या आईला विचारशील तर ती म्हणेल, यवतमाळात उन्हाशिवाय आहे काय! लग्न होऊन पुण्याला गेलेल्या माणसाला माहेरच्या गावाबद्दल विचारू नये.

टिपेश्वरला वाघ आहेत, कळंबला चिंतामणी आहे, ते सगळं दाखवीन. मात्र त्यासाठी तुला बोलावत नाही.

आमच्या जिल्ह्यात बाहेरून लिहिणारी माणसं पुष्कळ येतात. गाडी शेताच्या धुऱ्यापाशी, म्हणजे बांधापाशी, थांबते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी दोन तास बसतात, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोचा फोटो काढतात आणि संध्याकाळी नागपूर गाठतात. गोष्ट त्यांनी येतानाच आणलेली असते, इथं फक्त गावाचं नाव भरायचं. इथल्या 2019 च्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशालीताई येडे यांनी केलं, तेव्हा ज्यांच्यावर लिहिलं जातं त्यांच्यातलीच एक बाई माईकसमोर उभी राहून बोलत होती. आम्हा लिहिणाऱ्यांना खाली बसून ऐकावं लागलं. बरंच झालं.

मीही यातला गुन्हेगार आहे. तरुणपणी झरीकडच्या एका कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, अर्धा दिवस काढला आणि कथा लिहिली. धूर, डोंगर, गूढ शांतता, सगळं होतं. ती वाचून माझ्या एका मित्राने विचारलं, त्या रात्री त्यांच्या चुलीवर काय शिजत होतं? मला ठाऊक नव्हतं. वही मिटली ती कित्येक वर्षं उघडली नाही.

तुला इथं कथानक मिळेल म्हणून नको येऊस, प्रत्येक वस्तूचं नाव विचारावं लागेल म्हणून ये. पुण्यात तुला सगळ्याची नावं माहीत आहेत, म्हणून तू काही विचारत नाहीस. इथं कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. पहिल्या वेच्याआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला सीतादही म्हणतात. आणि आता, वेचे संपत आले की, एक शब्द तुझ्या कानावर पडेल: फरदड.

म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उपटायची नाही, पाणी देऊन तिच्याकडून आणखी थोडा कापूस काढायचा. कृषी खातं दरवर्षी सांगतं, फरदड घेऊ नका, उभ्या झाडावर गुलाबी बोंडअळी जगते आणि पुढच्या हंगामात परत येते. 2017 साली त्या अळीने कपाशीचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. तरी कोणी ना कोणी फरदड ठेवतोच. का ठेवतो, ते विचार. एक जण म्हणेल, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता आहे. दुसरा काहीच म्हणणार नाही, पण त्याच्याबरोबर धुऱ्यावर तासभर बसलीस तर कळेल की बोंड धरलेलं झाड उपटायला त्याचा हात उठत नाही. शेजारचा धुऱ्यावरून बघतोय, अळी उद्या त्याच्याही शेतात जाणार आहे. मुक्ता, मी तुझ्या जागी असतो तर त्या शेजाऱ्याच्या घरी चहाला गेलो असतो.

लगेच लिहू मात्र नकोस. गो. नी. दांडेकरांनी नर्मदेची परिक्रमा केली तरुणपणी, ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आली ती पुष्कळ नंतर. (ते परतवाड्याचे, म्हणजे आमच्याच वऱ्हाडातले, एवढा अभिमान चालवून घे.) उलटही घडतं. व्यंकटेश माडगूळकर माणदेश सोडून शहरात आले आणि मग ‘माणदेशी माणसं’ लिहिली. तेव्हा इथं येऊन तू तुमच्या सोसायटीतल्या लिफ्टमनची कथा लिहिलीस, तर मी रागावणार नाही. मामी रागावेल, तिने आपल्या माहेरच्या बऱ्याच गोष्टी तुझ्यासाठी राखून ठेवल्या आहेत.

आल्यावर गाडी-बिडी करायची नाही. पांढरकवड्याच्या एसटीत बसायचं, खिडकीजवळ नव्हे, मधल्या सीटवर, म्हणजे दोन्हीकडचं बोलणं ऐकू येतं. पहिले तीन दिवस वही काढायची नाही. वऱ्हाडी बोलायचा प्रयत्न तर मुळीच करू नकोस, लोक हसतात आणि मग खरं बोलत नाहीत. पुणेरीच बोल, त्यालाही हसतील, पण प्रेमाने.

वरची खोली रिकामी आहे. टेबलाचा एक पाय डुगडुगतो, खाली घालायला पुठ्ठा ठेवलाय. स्वेटर आण, पहाटे वेचणीला जाणाऱ्या बायांबरोबर तुला पाठवणार आहे. त्यांना मजुरी किलोवर मिळते. बोलत बसून त्यांचा खोळंबा करायचा नाही, कमरेला ओटी बांधायची आणि कापूस वेचायचा. तू दिवसभरात किती किलो वेचतेस, यावर मामीने माझ्याशी पैज लावली आहे.

तुझा,
मामा