जीव वाचवणारी तार

कुंपणाची तार आपण जाणतो. आज जीव वाचवणारी तार पाहू.

हृदयाला रक्त पुरवणारी नळी चोंदली, की छातीत कळ येते, घाम फुटतो. तेव्हा डॉक्टर मनगटातून किंवा जांघेतून एक तार त्या नळीत नेतात. अशा तीन तारा शेजारी ठेवल्या, तर सुमारे एक मिलिमीटर भरतील. तिचे टोक मऊ असते. कडक टोकाने नळी फाटेल. तारेवरून फुगा सरकवतात. तो फुगवला, की वाट मोकळी होते. ती पुन्हा बुजू नये म्हणून बारीक जाळी बसवतात. पोलादी तारांनी विणलेली अशी जाळी १९८६ साली फ्रान्समधील तुलूझ शहरी माणसाच्या हृदयाच्या नळीत बसवली.

पण तार दवाखान्यात असते. छातीत कळ आली, तर ‘गॅस झाला’ म्हणून घरी बसू नये. लगेच १०८ ला फोन करावा. उशीर झाला, तर तार तरी काय करील?