सापडलं, पण ओळखलं नाही

रक्तपेढीतल्या ताईंचा फोन आला तेव्हा सकाळचे आठ वाजायचे होते. "दादा, आठवड्याचा आलेख छापायला घेतला, तर फ्रीजचं तापमान शुक्रवार संध्याकाळपासून आलेलंच नाही. बघता का जरा?" मी घरूनच मॉनिटरिंगचा स्क्रीन उघडला. 'रक्तपेढी, फ्रीज १' या नावापुढे हिरवा ठिपका होता. "ताई, इकडे तर चालू दिसतंय," मी म्हणालो. तो दिवस मंगळवारचा. ते वाक्य आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

साठवलेलं रक्त २ ते ६ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावं लागतं. नशिबाने फ्रीज बिघडला नव्हता. ताईंची माणसं दर चार तासांनी दारावरचा आकडा वहीत लिहीत होती, म्हणून एकही पिशवी वाया गेली नाही. पण त्या फ्रीजवर माझी यंत्रणा डोळा ठेवून आहे असं सगळं हॉस्पिटल समजत होतं, आणि ती जवळजवळ चार दिवस आंधळी होती. हे कसं झालं ते सविस्तर सांगतो. हॉस्पिटल, शाळा, कारखाना, कुठेही नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाच्या हातून हीच चूक होऊ शकते.

आमच्याकडे चारएकशे उपकरणं. कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे, लॅबची मशीन, यूपीएस, हजेरीची यंत्रं. त्यांची यादी एक्सेलमध्ये होती आणि ती कायम शिळी असायची. म्हणून मी झॅबिक्स हे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर बसवलं. त्यात 'नेटवर्क डिस्कव्हरी' नावाची सोय आहे. पत्त्यांची रेंज दिली की सर्व्हर ठरावीक वेळाने एकेक पत्ता चाचपतो, आणि जो उत्तर देईल त्याला, आपण तसं सांगून ठेवलं असेल तर, आपोआप यादीत घालतो. पहिल्याच दुपारी तीनशेच्या वर उपकरणं नोंदली गेली. मी खूश होतो. त्यातल्या महत्त्वाच्या तीसेक उपकरणांना हाताने नावं दिली, फ्रीजचं तापमान नोंदवणाऱ्या लॉगरला तापमानाचं टेम्प्लेट जोडलं, बाकीच्यांना नुसतं पिंग.

त्या शुक्रवारी पॅसेजमधल्या इलेक्ट्रिक पॅनेलचं काम निघालं. फ्रीज जनरेटरच्या लाइनवर होता, तो चालू राहिला. पण पॅसेजमधला स्विच शनिवारी रात्रीपर्यंत बंद होता. आमच्या डीएचसीपीची लीज होती २४ तासांची. लॉगरला नूतनीकरण करता आलं नाही, लीज संपली, आणि तो पत्ता शनिवारीच बसवलेल्या हजेरीच्या नव्या मशीनला मिळाला. स्विच चालू झाल्यावर लॉगरने नवा पत्ता घेतला. सर्व्हरच्या दृष्टीने जुन्या पत्त्यावरून उत्तर येत होतं, म्हणजे 'फ्रीज १' जिवंत. नव्या पत्त्यावर कुणीतरी नवं आलं होतं, म्हणून त्याने तेही नोंदवलं. त्याला नाव नव्हतं, नुसता आकड्यांचा पत्ता, आणि तापमानाचं टेम्प्लेटही नव्हतं. शेकडो बिननावाच्या नोंदींत तो लॉगर मला मागाहून सापडला. हजर होता, पण त्याला कुणी काही विचारतच नव्हतं.

मंगळवारी मी स्टुलावर चढून फ्रीजच्या माथ्यावर पाहिलं. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा पांढरा डबा, त्यावर धूळ, हिरवा दिवा व्यवस्थित लुकलुकतोय. पट्टीवर मीच मार्करने जुना पत्ता लिहिलेला. ओळख म्हणून मी त्या डब्याला जे दिलं होतं, तेच नेमकं बदलणारं होतं.

दुसरी चूक मला जास्त लागली. तापमान ६ अंशांच्या वर गेलं तर अलार्म, असा ट्रिगर मी लावला होता. पण आकडाच आला नाही तर तो ट्रिगर गप्प बसतो, कारण तुलना करायला त्याच्याकडे काहीच नसतं. 'इतकी मिनिटं आकडा आला नाही' यासाठी वेगळा 'नो-डेटा' ट्रिगर लावावा लागतो. झॅबिक्समध्ये ती सोय आहे. मी लावली नव्हती. स्विच बंद असताना पिंगचे इशारे आले होते, पण लाइटचं काम चाललंय हे ठाऊक असल्याने ते मी सोडून दिले, आणि हजेरीच्या मशीनने उत्तर दिल्यावर ते आपोआप मिटलेही.

तर आता मी काय करतो. शोध आपोआप चालतो, नोंदणी नाही. नवं काही सापडलं की ते 'प्रतीक्षा' नावाच्या गटात जातं. मी किंवा माझा सहकारी जागेवर जाऊन वस्तू बघतो, सीरियल नंबर, खोली आणि जबाबदार माणसाचं नाव लिहितो, आणि मगच ती खऱ्या यादीत येते. रोज पाच-सहा मिनिटांचं काम आहे. ते वाचवण्यासाठी मी मुळात ही यंत्रणा आणली होती, आणि तेवढंच वाचवायला नको होतं.

ओळख पत्त्यावर ठेवू नका. शोधाच्या नियमात वेगळेपणाची खूण म्हणून आयपी अ‍ॅड्रेसऐवजी एसएनएमपीतून येणारी एखादी किंमत निवडता येते. उपकरण ती देत असेल तर तीच घ्या. जीव अवलंबून आहे अशा प्रत्येक वस्तूला डीएचसीपीमध्ये मॅकवरून पत्ता राखून ठेवा. एवढं एक केलं असतं, तरी तो शुक्रवार निभावला असता.

रुग्णांच्या नातेवाइकांचं वायफाय शोधाच्या रेंजमधून पूर्ण वगळा. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन मुळातच बनावट मॅक दाखवतात. तो ओळखता येतो, त्याचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असतो. असे पत्ते मी प्रतीक्षा गटातही घेत नाही. नाहीतर ओपीडीच्या एका सकाळीत यादी फुगते आणि खरी वस्तू त्यात बुडते.

लॅबची मशीन आणि प्रिंटर यांना जपा. झॅबिक्सच्या आधी मी एक फुकटचं स्कॅनर चालवून पाहिलं होतं. प्रिंटर ९१०० या पोर्टवर जे येईल ते निमूट छापतात, त्या स्कॅनरने तिथे चौकशीचे शब्द पाठवले, आणि पॅथॉलॉजीतला बारकोडचा अख्खा रोल अगम्य अक्षरांनी भरून जमिनीवर आला. रात्रपाळीच्या मुलीने ट्यूबवर पेनने नंबर घातले. एनमॅपसारखं जुनं, जाणतं साधन सेवा ओळखताना ९१०० ते ९१०७ ही पोर्ट मुळातच सोडून देतं, ते उगीच नाही. वैद्यकीय उपकरण असेल तर पुरवठादाराला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका. स्विचच्या मॅक टेबलात आणि डीएचसीपीच्या लीजमध्ये निम्मी माहिती आधीच असते. ती वाचली तर कुणालाही धक्का लागत नाही.

आणि कम्युनिटी स्ट्रिंग. एसएनएमपीच्या जुन्या आवृत्त्यांत, म्हणजे १ आणि २सी मध्ये, हा परवलीचा शब्द उघडाच जातो. शोध चालू असताना सर्व्हर तो रेंजमधल्या प्रत्येक पत्त्याला बोलून दाखवतो, तिथे कोण बसलंय हे माहीत नसताना. 'पब्लिक' तर ठेवूच नका. जिथे उपकरणाला झेपतं तिथे तिसरी आवृत्ती वापरा. सर्व्हर आणि कॉम्प्युटरसाठी उलटा मार्ग बरा, म्हणजे त्यांच्यावरचा झॅबिक्सचा एजंट स्वतः येऊन नोंद मागतो. त्यातही होस्ट मेटाडेटात एक गुप्त शब्द ठेवा आणि तो जुळला तरच नोंद द्या.

रक्तपेढीत आता लॉगरवर सीरियल नंबरची छापील पट्टी आहे आणि वही अजून चालू आहे. ती बंद करू नका, असं मीच ताईंना सांगितलं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी स्टुलावर चढून लॉगरची केबल काढतो आणि ताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहतात. नो-डेटाची मुदत १० मिनिटांची आहे. मागच्या सोमवारी त्यांचा फोन ११व्या मिनिटाला वाजला. त्यांनी वहीत वेळ लिहिली, मी केबल परत लावली.